ड्रॉइंग ऑफिसातला चकवा

माउसची वायर उंदरानं कुरतडली
हा विनोद कुलथे साहेबांनी तीनदा केला,
नवा माउस मात्र आणला नाही.
म्हणून ही काळी खिडकी, हिरवी अक्षरं,
आणि समोर मी, दीपांजली गांगुर्डे, ट्रेसर.
डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलीय,
सकाळपर्यंत जागा कर, म्हणाले.

तौफिक कोकणी नोकरी सोडून गेला
तेव्हा मशीनमध्ये एक खेळ ठेवून गेला.
खेळ कसला, झाडूच तो,
फक्त मूठ तलवारीची.
फोल्डर म्हणजे खोली,
फाइल म्हणजे खोलीत राहणारं कुणीतरी.
'जा' लिहिलं की दार करकरतं,
'बघ' लिहिलं की कंदील लागतो,
'मार' लिहिलं की विचारतो :
नक्की? याच्यात अकरा एमबी प्राण आहेत.

स्विचगिअरची ड्रॉइंगं म्हणजे कोळी,
हजेरीचे तक्ते कासवं,
सर्व्हरच्या नोंदी गोगलगाई,
रोज रात्री वीतभर लांबणाऱ्या.
आणि ज्यांच्या नावाआधी टिंब असतं
ते खोलीत असून दिसत नाहीत.
माझ्या आत्याचं उलटं झालं.
कपाळावरचं टिंब गेलं
आणि ती दिसेनाशी झाली.

दोनच्या सुमारास पत्र्यातून गारठा उतरला.
पाथर्डी फाट्याकडे एक ट्रक ओरडला, मग काही नाही.
'जुनं' मधून 'जुनं दोन' मध्ये गेले,
तिथून 'फायनल' मध्ये,
'फायनल' मधून 'खरंच फायनल' मध्ये,
त्याचं दार ढकललं
तर पुन्हा 'जुनं'.
पुन्हा ढकललं. पुन्हा 'जुनं'.

चकवा.

निफाडचे मामा सांगायचे,
चकवा लागला की चालत राहू नये,
आहे तिथं बसावं.
मी बोटं उचलली. थर्मासमधला गार चहा संपवला.
मग खेळानं आपणहून एक ओळ लिहिली :
बसलीस, बरं केलंस. दार तुझ्या पाठीशी आहे.

त्यानंतर मी दोनशे सहा मारले.
एका कोळ्याच्या कोपऱ्यात बारीक सही होती,
अहिरराव अण्णांची. चौऱ्याण्णव साल.
त्यांनीच मला रेघ शिकवली :
पेन्सिल टेकव, दाबू नको.
मी एंटर दाबलं.

हिशेब मागितला.
अठ्ठ्याण्णव टक्के.

शिवी आली तोंडात, पण ऐकायला कोण?
शोधत खाली खाली गेले,
सगळ्यात तळाला 'कोठी' नावाची खोली,
आणि तिथं दोनशे सहा जण
धडधाकट बसलेले.
भिंतीवर तौफिकचं अक्षर, म्हणजे कुणाचंही असतं तसंच हिरवं :
मेलं कुणीच नाही.
रात्री माणूस रागानं आवरतो.
उजाडलं की एकेकाला नावानं हाक मार,
मग सोड.

खिडकीत पांडवलेण्यांचा डोंगर राखाडी झाला होता.
तिथंही खोल्याच.
दगडात कोरलेलं, ही खोली कुणी दिली,
हे पाण्याचं टाकं कुणाचं.
राहणारे कधीच गेले,
देणाऱ्यांच्या नोंदी अजून जागा अडवून आहेत
आणि कुणी कुलथे साहेब त्यांना जागा कर म्हणत नाही.

मी हाका मारायला बसले.
पूर्ण नावं, आडव्या रेघेसकट, तारखेसकट.
गोगलगाई मुकाट्यानं गेल्या.
कासवांनी वेळ घेतला.
एका फाइलचं नाव 'दीपाला दाखवणे' होतं,
कुणी ठेवलं ठाऊक नाही, मला कुणी दाखवलं नव्हतं.
उघडली. रिकामी.
तिलाही हाक मारली.

अण्णांच्या कोळ्याचं नाव अर्धं लिहून थांबले.
मग कर्सर मागं नेला, पार पहिल्या अक्षराच्या आधी,
आणि एक टिंब टेकवलं.
दाबलं नाही.

नऊला साहेब आले, उंदराचा विनोद चौथ्यांदा झाला.
एकसष्ट टक्के! वा!
जुनं काही राहिलं नाही ना?

दिसत तरी नाही, म्हटलं.